गादी साताऱ्याला, कारभार कार्यवाहाकडे

साताऱ्यात बसून अठराव्या शतकाचं इतिहास मंडळ चालवणं हा लांबून पाहणाऱ्याला फार निवांत उद्योग वाटतो. शतक केव्हाच संपलेलं, त्यातलं कोणी तक्रार घेऊन येण्याची भीती नाही, आणि नजर टाकायला खिडकीबाहेर अजिंक्यतारा उभाच. मेलेली माणसं त्रास देत नाहीत हे खरं आहे. पण त्यांच्या वारसांबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि आमच्याकडे सभासद थोडे, वारस फार.

सभासदत्वाच्या अर्जात 'अभ्यासाचा विषय' असा एक रकाना आहे. बहुतेक जण तिथे 'आमचे घराणे' असं लिहून मोकळे होतात. उरलेले 'पानिपत' लिहितात, आणि जरा खोदून विचारलं की तेही घराणंच निघतं. १४ जानेवारी १७६१ रोजी आमच्या सभासदांचे जेवढे पूर्वज पानिपतावर हजर होते म्हणतात, तेवढे खरोखर असते तर अब्दालीने यमुना ओलांडलीच नसती, पलीकडच्या काठावरूनच रामराम केला असता. शिवाय सगळे हुजुरातीत, भाऊसाहेबांच्या अगदी शेजारी. फौजेबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं हजारोंनी होती असं कुठलंही पुस्तक सांगतं; पण बुणग्यांचा वंश सातारा जिल्ह्यात औषधालाही उरलेला नाही. एकदा मात्र एका गृहस्थांनी भर सभेत उभं राहून, "आमचे पूर्वज स्वारीबरोबर आचारी होते," असं सरळ सांगून टाकलं. सभागृह गप्प झालं. शेजारच्यांनी खुर्ची जरा सरकवून घेतली. मी त्यांना पुढच्याच वर्षी कार्यकारिणीवर घेतलं. एक तर खरं बोलणारा माणूस, आणि दुसरं म्हणजे चहाचं कोणीतरी बघायला हवंच होतं.

मंडळ चालतं कसं हे कळायला आमची छापील घटना वाचून काही उपयोग नाही. त्यासाठी सरदेसायांची 'मराठी रियासत' वाचावी. अठराव्या शतकाचा अभ्यास करता करता आम्ही कारभारही त्याच शतकाच्या रीतीने करायला लागलो, असं माझं स्पष्ट मत आहे. अध्यक्ष ही आमची सातारची गादी. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज वारले. पुढे गादी साताऱ्यात राहिली आणि कारभार पुण्यात स्थिरावला. गादीचा मान तसूभर कमी झाला नाही. पेशवाईची वस्त्रं तिथूनच जायची. फक्त वस्त्रं नेलेला माणूस पुढे काय करतो, हे गादीला बखरकाराइतकंच उशिरा कळायचं. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत, वय नव्वदीला टेकलेलं. त्यांना आम्ही घरून गाडी पाठवून आणतो, मधल्या खुर्चीत बसवतो, शाल घालतो.

"दादा, इथं सही."

"कशावर घेताय?"

"गेल्या वर्षीच्या ताळेबंदावर."

"वा, छान झालाय."

दादांनी चष्मा अजून डबीतून काढलेला नसतो.

कार्यवाह, म्हणजे मी, हा पेशवा. नावाला वजन आहे. पण पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जापायी लिहिलेली पत्रं काढून पाहा. उत्तरेत धाक बसवणारा माणूस सावकाराच्या तगाद्याने किती काकुळतीला येतो! कॉलेजात ती पत्रं वाचताना अतिशयोक्ती वाटायची. सभागृहाचं भाडं, बॅनरवाला आणि ध्वनिक्षेपकवाला एकाच सकाळी दारात उभे राहिले की त्या पत्रांतलं अक्षर न् अक्षर पटतं.

खरी सत्ता कोषाध्यक्षांची. ते बँकेतून निवृत्त झालेत, म्हणजे बँक त्यांच्यातून सुटली; ते अजून सुटलेले नाहीत. "कप बत्तीस लागले, माणसं एकोणतीस. वरचे तीन कोण प्यालं?" हा प्रश्न त्यांनी एका नामवंत पाहुण्याच्या सत्कारात, हार घालायच्या आधी, माझ्या कानात विचारला होता. १३ मार्च १८०० ला नाना फडणीस गेले आणि त्यांच्याबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण गेलं असं म्हणतात. शहाणपणाचं मला सांगता येणार नाही, पण हिशेबाची वही मेणवलीहून थेट आमच्या कोषाध्यक्षांकडे आली असावी. मेणवली इथून जवळच आहे.

कार्यकारिणीत बाराजण, त्यामुळे बारभाई हे नाव आपोआप पडलं. मूळच्या बारभाईंनी निदान राघोबादादांना दूर करून दाखवलं. आमच्या बारांना सूचनाफलक दाराच्या उजवीकडे लावायचा की डावीकडे, यावर अजून एकमत करता आलेलं नाही. तोवर फलक कपाटामागे उभा आहे. राघोबादादा मात्र आमच्याकडेही आहेत. प्रत्येक मंडळात एक असतोच. कार्यवाहपद आपल्या हक्काचं होतं आणि ते कारस्थानाने गेलं, अशी त्यांची खात्री असते. मूळचे राघोबा सुरतेला इंग्रजांशी तह करायला गेले. आमचे तक्रार-अर्ज घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातात. अर्जावर पहिला शब्द 'महोदय' आणि दुसरा 'गैरव्यवहार'.

यात आम्हाला कमीपणा वाटत नाही, कारण परंपरा थोर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि पुढे आपणच काढलेल्या मंडळाशी न पटून ते धुळ्याकडे गेले. जिथे संस्थापकच रागावून उठून गेले, तिथे आमच्यातल्या एखाद्याने सभात्याग केला तर तो संशोधनाचाच भाग समजावा. आमच्या इतिवृत्तात सभात्यागाची वेळही लिहिलेली असते. परत येऊन चहा घेतल्याची लिहीत नाही.

सगळ्यात लांबलेला वाद म्हणजे अठरावं शतक नेमकं किती मोठं. इंग्लंडात राहून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने सांगितलं, की तिकडचे अभ्यासक 'लांब अठरावं शतक' मानतात, १६८८ ते १८१५. तिकडच्यांनी शतक सत्तावीस वर्षांनी वाढवलंय म्हटल्यावर आम्ही मागे राहणं शक्यच नव्हतं. पहिली सूचना आली १७०७ ते १८१८: औरंगजेबाच्या मृत्यूपासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत. ही तशी समंजस होती, म्हणून कोणाला आवडली नाही. दुसऱ्यांनी १६८० सुचवलं. तिसरे म्हणाले, रायगडावरच्या राज्याभिषेकापासूनच सुरू करू या, शतकाचं पुढे बघू. एकांनी शेवट १८४८ वर न्यायचा आग्रह धरला, कारण त्या साली सातारचं राज्य खालसा झालं आणि त्यांच्या घरचे कागद तिथवर येतात. सगळ्यांची मनं राखायची तर १६७४ ते १८४८ असं एकशे चौऱ्याहत्तर वर्षांचं शतक होत होतं. शेवटी आमचे मोडीचे गुरुजी उठले आणि म्हणाले, "मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. शतक लांब की आखूड हा वाद तुम्ही बाळबोधवाल्यांनी घालावा." विषय तहकूब झाला.

या गुरुजींबद्दल लिहायलाच हवं. मंडळात खरा अभ्यास करणारा हा एकच माणूस, आणि म्हणून त्यांना कुठलंही पद नाही. जुन्या पत्राच्या शेवटी 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं की ते मान वर न करता "सुहूर अकराशे एकसष्ट, म्हणजे सन सतराशे साठ-एकसष्ट, पानिपतचं वर्ष" असं पुटपुटतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, मृगाच्या आधीचा महिना की नंतरचा ते पाहायचं, मोडकांच्या जंत्रीशी ताडून घ्यायचं. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका दमात होतं. काकू म्हणतात, "ह्यांना आमच्या लग्नाची तारीख विचारा." आम्ही विचारली. गुरुजींनी तिथी सांगितली.

त्यांच्याकडे माणसं रुमाल घेऊन येतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनं दप्तर ज्या कापडात बांधतात तो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, आणि त्यातली पानिपतच्या वेळची पत्रं त्यांना वाईत मिळाली. तेव्हापासून वाई तालुक्यात ज्याच्या घराला माळा आहे, त्याला वाटतं की राहिलेला खंड आपल्याच माळ्यावर आहे. परवा एक शेतकरी साडीच्या दुकानाच्या पिशवीत असा एक रुमाल घेऊन मोटारसायकलवरून आले.

"बाजीरावाचं पत्र हाय गुरुजी. आजा सांगायचा."

गुरुजींनी हात धुतले, पुसले, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. गाठ दोन पिढ्यांत कोणी सोडलेली नव्हती; ती नखाने, मग सुईने, मग देवाचं नाव घेऊन सुटली. वेखंडाचा आणि उंदरांचा मिळून एक वास आला. आत चार-पाच गुंडाळ्या. गुरुजींनी एक हलक्या हाताने उलगडत नेली: लांबट, अरुंद कागद, दोन तुकडे डिंकाने जोडलेले, कडेला वाळवीने खाल्लेली महिरप. उजेडाकडे तिरका धरला तेव्हा अक्षरांवर बारीक कण चमकले. शाई सुकवायला टाकलेली वाळू अजून तशीच होती. वर मध्यभागी 'श्री'. गुरुजींचं बोट ओळीखालून सरकू लागलं. मोडी लिहिणारा हात उचलत नाही, शब्द तोडत नाही. वाचणाऱ्याने कुठे श्वास घ्यायचा ते वाचणाऱ्याने बघावं. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. शेतकऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"...म्हैस," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"म्हैस एक. गाभण म्हणोन दिल्ही. सहा महिने जाहाले, व्याली नाही. रुपये माघारी द्यावे." बोट खाली गेलं. "शके सतराशे चौसष्ट. म्हणजे अठराशे बेचाळीस. अहो, म्हशीचा दर आहे यात! साक्षीदार आहेत, गावाचं नाव आहे!" गुरुजींचा चेहरा असा उजळला की दिल्लीचा कारभार हाती आल्यावर महादजींचाही उजळला नसेल.

"म्हंजे बाजीराव न्हाई?"

"म्हशीत बाजीराव कुठला?"

पाहुणे फार हिरमुसले. त्या फसलेल्या म्हशीत जेवढा इतिहास आहे तेवढा आमच्या व्याख्यानमालेत वर्षभरात होत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. कोणी काय विकलं, केवढ्याला विकलं, फसल्यावर दाद कोणाकडे मागितली. पेशवे दप्तरातले कोट्यवधी कागद बहुतेक असेच तर आहेत. त्यातून निवडूनही सरदेसायांचे पंचेचाळीस खंड झाले. मंडळाला हे कागद देता का, असं विचारलं. त्यांनी रुमाल पुन्हा बांधला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "बाजीरावाचं नसलं तरी म्हस आमचीच हाय." आम्ही पाच रुपयांचं नाणं पुढे ठेवलं तरी झेरॉक्ससुद्धा काढू दिलं नाही. गावात ते अजून बाजीरावाचंच पत्र आहे.

कार्यक्रमांत मोठा एकच, पानिपत दिन. आधी तो तिथीने करावा की तारखेने, हे ठरता ठरत नव्हतं. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तारखेने केला की संक्रांत येते, आणि वक्ता "त्या दिवशी मराठी दौलतीवर संक्रांत कोसळली" म्हणाला की गुरुजी हात वर करतात: त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. वक्त्याचं पुढचं वाक्य मग सुचत नाही. आता आम्ही वक्त्याला आधी तिळगूळ देऊन हे सांगून ठेवतो. तरीही वाक्य येतंच.

व्याख्यानापेक्षा नंतरचा चहा महत्त्वाचा, कारण लढाई तिथे होते. साखरेचं भांडं म्हणजे भाऊसाहेबांचा हत्ती. डावीकडे इब्राहिमखान गारदी, म्हणजे ग्लुकोजच्या बिस्किटांची एक ओळ. उजवीकडे शिंदे-होळकर, बशा. पलीकडे पाण्याच्या बाटल्या अब्दालीच्या. मग 'गोलाची लढाई मांडली ते चुकलं, गनिमी काव्यानेच लढायला हवं होतं' यावर दर वर्षी तेच दोघे तेच बोलतात. मल्हारराव मैदानातून कधी निघाले हा विषय निघाला की मी ट्रे उचलतो. आमच्याकडे दोन्ही घराण्यांचे अभिमानी आहेत आणि कप मंडळाचे आहेत. एका वर्षी वाद भरात असताना निवृत्त तहसीलदारसाहेबांनी बोलण्याच्या ओघात इब्राहिमखानाची अख्खी डावी बगल चहात बुडवून खाल्ली. "बघा!" समोरचे ओरडले, "नेमकं हेच झालं!"

वक्ते मिळणं अवघड नाही, थांबवणं अवघड आहे. जुन्या पत्रांना शेवटी मोर्तब असायचं: 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का. तो उमटला की मजकूर संपला, पुढे एक अक्षर घालायची सोय नाही. आमच्या कोषाध्यक्षांची फार इच्छा आहे की असा एक शिक्का करून घ्यावा आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला वक्त्याच्या हातावर उमटवावा. मानधनाचं विचाराल तर पेशवे श्रावणात विद्वानांना रोख दक्षिणा वाटत. आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि मंडळाचं जुनं स्मरणिका-पुस्तक, जे वक्त्याला मागच्या वेळीही दिलं होतं. अनुदानासाठी अर्ज करत असतो. शाहू महाराजांच्या कुत्र्याला पालखीचा मान होता म्हणतात, संगम माहुलीला त्याची समाधी आहे. आमच्या संशोधकाला एसटीचं भाडं मंजूर होत नाही.

श्रोत्यांतले निम्मे रणजित देसायांची 'स्वामी' वाचून आलेले असतात आणि उरलेले सिनेमा पाहून. पैकी 'स्वामी'वाले बरे. ते थेऊरच्या प्रसंगाला डोळे पुसतात आणि घरी जातात. सिनेमावाले नाचाबद्दल विचारतात. एका वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही 'पेशवेकालीन पंगत' ठेवली. केळीचं पान, उदबत्ती, रांगोळी, सगळं यथासांग. वाढप्याने टोमॅटोचं सार आणलं आणि आमचे एक जुने सभासद वाटी हातात धरून उभेच राहिले: "हे फळ माधवरावांनी पाहिलंसुद्धा नव्हतं!" निषेध नोंदवून त्यांनी दोन वाट्या घेतल्या.

आता पुण्याबद्दल. पुण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. द. ब. पारसनिसांनी आयुष्यभर जमवलेला ऐतिहासिक संग्रह साताऱ्यात होता. १९३९ साली तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, अभ्यासकांना खुला झाला, हे आम्ही मान्य करतो. पण शाहू महाराज गेल्यावर कारभार गेला तो गेला, आणि मग कागदही गेले, असा हिशेब आमच्यातले काही जण अजून मांडतात. कुठल्याही चर्चेत हे दोन प्रसंग ते अशा सुरात सांगतात की नव्या माणसाला वाटावं, दोन्ही गेल्या आठवड्यात घडले.

वार्षिक सर्वसाधारण सभा मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी असते. 'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येऊन त्याच ठिकाणी पुन्हा सुरू करण्यात आली' हे वाक्य आम्ही आता नोटिशीतच छापतो. सभासद सुज्ञ आहेत. ते तहकूब सभेलाच येतात. मागच्या सभेत मी प्रकृतीचं कारण सांगून राजीनामा ठेवला. धर्मादाय कचेरीत बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो, त्याची टाचणं लावून कागदसुद्धा तयार ठेवले होते. दादांनी तो राजीनामा ताळेबंद समजून त्यावर सही करायला पेन काढलं, ते मी वेळेत थांबवलं... नाही, थांबवायला नको होतं, पण सवय.

"असं कसं?" राघोबादादा म्हणाले. मला वाटलं होतं ते खूश होतील. पण पद रिकामं झालं तर भांडायचं कोणाशी, ही अडचण त्यांच्या लक्षात आली होती. "तुमच्या मुलाला घ्या. पेशवाई वंशपरंपरेनेच चालली."

मुलगा हिंजवडीत असतो, शनिवारीही असतो, असं मी सांगितलं.

"माधवराव गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते," तहसीलदारसाहेब म्हणाले, "तो तर पस्तिशीचा आहे. उशीरच झाला म्हणायचा."

"त्याला मोडी येत नाही."

"तुम्हाला तरी कुठे येते?" गुरुजी पहिल्यांदाच बोलले.

मग आचारी-वंशज उठले. त्यांनी शांतपणे आठवण करून दिली की १७७४ साली बारभाईंनी सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं देवविली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. बारभाईंची एकमेकांकडे नजरानजर झाली. कार्यकारिणीचं एखाद्या विषयावर एकमत होताना मी प्रथमच पाहत होतो.

"तुम्हाला नात झाली ना गेल्या महिन्यात?" कोषाध्यक्षांनी पावतीपुस्तक उघडत विचारलं. "नाव ठेवलंय का? आजीव वर्गणी एकरकमी भरावी लागेल."